हवा दिलेलं पाणी

तारेच्या कारखान्यात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे ‘वधुवर सूचक’. तिचं कामच तसं होतं. आपल्याला नकोसा झालेला माल दुसऱ्या कुठल्या तरी कारखान्याच्या गळ्यात घालायचा, आणि तोही असा की घेणाऱ्याला वाटावं, चांगलं स्थळ आपल्यालाच मिळालं. तारेचे तुकडे खिळे बनवणाऱ्याकडे गेले. लोखंडावरून निघणारा काळा पापुद्रा सिमेंटवाल्यांनी हसत हसत नेला. मोडक्या लाकडी रिळांवर आजवर मांजरांशिवाय कोणी बसत नव्हतं, त्यांची आता खोकी होत होती. कचऱ्याचा ढीग दिसला की मुलगी बघायला आलेल्या सासूसारखी ती त्याच्याभोवती फिरे. रंग बघे, वजन बघे, घराण्याची चौकशी करी. टाकाऊ असं जगात काही नसतं, फक्त स्थळ शोधायचा कंटाळा असतो, असं ती म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला पटेपर्यंत म्हणायची.

घरी मात्र ती नुसती बारकी. हे नाव थोरल्या भावानं ठेवलेलं, आणि तिला नोकरी लागली, केस पिकायला लागले, तरी त्यानं ते सोडलं नव्हतं. दादाही याच कारखान्यात होता, पण पार दुसऱ्या टोकाला, अॅसिडच्या खड्ड्यावर. तार ओढायच्या आधी लोखंड अॅसिडमध्ये धुतात. ते वापरून झालेलं अॅसिड दादाच्या शेडमध्ये यायचं. तिथे खड्ड्यात चुना घालून त्याचा जोर मारायचा आणि मगच पाणी पुढे सोडायचं. चुन्याची पोती फोडून फोडून दादाचे तळहात भेगाळले होते. खोकला तर घरातल्या माणसासारखा कायमचा राहायला आला होता. “भिंत रंगवायची असली तर तुझ्या भावाला नुसता टेकवून उभा केला तरी चालेल,” असं वहिनी म्हणायची. हसायची, पण मग रात्रभर त्याच्या खोकल्याकडे कान लावून असायची.

ती पोती बंद व्हावीत म्हणूनच बारकीनं नदीपलीकडचा चामड्याचा कारखाना गाठला. तिथे केस काढायला कातडी चुन्याच्या पाण्यात भिजवत ठेवतात, आणि नंतर ते पाणी कुठे टाकायचं म्हणून डोक्याला हात लावून बसतात. इकडे अॅसिड मारायला चुना हवा, तिकडे चुन्याचं पाणी मारायला अॅसिड हवं. इतकी जुळणारी पत्रिका तिनंही आजवर पाहिली नव्हती. पाण्याला वास तेवढा आहे, बाकी मुलगी गुणाची आहे, असं तिकडचा मॅनेजर म्हणाला. नमुन्याची बाटली भरताना वास तिच्या नाकाला चांगलाच झोंबला होता. पण आपल्या प्रयोगशाळेतून अहवाल स्वच्छ आला. चुना भरपूर, विषारी काही नाही. साहेब एवढे खूश झाले की म्हणाले, कंपनीला चुना लावून शाबासकी मिळवणारी तूच पहिली.

आज पहिला टँकर येणार होता. दुपारी बारकी दोन कप चहा घेऊन प्रयोगशाळेत गेली. केमिस्टचे आभार मानायचे राहून गेले होते. तो भला माणूस होता, जाड चष्म्याचा, कोणाला दुखवायला घाबरणारा. त्याच्या टेबलावर एका बाटलीत बुडबुडे येत होते. बाटलीत बारीक रबरी नळी सोडली होती, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला माशांच्या पेटीला लावतात तो छोटा पंप गुरगुरत होता.

“मासे पाळलेत की काय?” तिनं विचारलं.

“घरच्या पेटीतला आहे. मासे मेले, पंप राहिला,” तो हसून म्हणाला. “हा रंगखात्याचा नमुना. हवा देतोय त्याला. वासाचा नमुना असला की मी रात्रभर हवा देऊन ठेवतो. पलीकडे हिशेबखातं आहे ना, मधे नुसता पत्रा. त्या बाईंनी दोनदा वरपर्यंत तक्रार केली. तेव्हापासून ही युक्ती. सकाळपर्यंत वास छू! तुमच्या त्या चामड्याच्या पाण्याला तर दोन रात्री दिली.”

बारकीनं कप टेबलावर ठेवला. “कधी दिली? तपासणी झाल्यावर ना?”

“आधी. त्या घाणीत नाक घालून कोण तपासणार?”

त्याचं वाक्य पुरं झालं आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच राहून त्यामागचा रंग तेवढा उडाला. दोघंही एकाच व्याख्यानाला बसलेली होती. सुरक्षेचं व्याख्यान होतं, सगळ्यांनी मागे बसून जांभया दिल्या होत्या, पण हे दोघांच्याही लक्षात राहिलं होतं. केस काढायला चुन्यात जे औषध घालतात, ते चुन्याच्या पाण्यात मुकाट पडून असतं. हवा दिली की हळूहळू मरतं. आणि अॅसिड पडलं की एका दमात वायू होऊन वर येतं. त्याला कुजक्या अंड्यांचा वास असतो. वायू वाढला की वास येणं थांबतं, कारण वायूच्या आधी नाक मरतं.

ज्या विषाची तपासणी करायची होती ते त्यानं शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून आधीच घालवून टाकलं होतं. सभ्यपणापायी.

बारकीनं फोन ओढला. शेडमध्ये मोबाइल नेऊ देत नसत, तिथे कारखान्याचा आतला फोन होता. घंटी वाजत राहिली. कोणी उचलेना. केमिस्ट म्हणाला, “टँकर अजून आला नसेल, आला नसेल हो,” आणि मग गेटवर फोन करायला दुसऱ्या फोनकडे धावला. तिकडून काय ऐकलं ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. “मास्कवाली माणसं,” एवढंच म्हणून तो दाराबाहेर पळत सुटला.

ती शेड तिला तोंडपाठ होती. जमीन रस्त्यापेक्षा चार पायऱ्या खोल, मधोमध खड्डा, बाहेर जायला एकच दार आणि तेही खालीच. एक लोखंडी जिना वर मचाणावर जायचा. मचाणावर बटणांचं कपाट, अॅसिडची टाकी आणि हा फोन. वायू हवेपेक्षा जड. तो आधी खाली साठणार, विहिरीत पाणी साठतं तसा, आणि मग वर चढणार.

तिनं पुन्हा नंबर फिरवला. उचल रे, उचल, असं ती मोठ्यानं म्हणत होती.

“काय गं बारके, भर कामात?” दादाला धाप लागली होती.

“टँकर आला?”

“आला म्हणजे? ओतून झाला सगळा. अॅसिड सुरू करून मी खाली गेलो होतो, तर तुझी घंटी थांबेना. जिना चढायला लावलास.”

“अॅसिड बंद कर.”

“आँ?”

“बंद कर! लाल बटण! आधी दाब, मग बोल!”

खट असा आवाज आला. “दाबलं बाई. कानाचा पडदा फाडलास. झालंय काय?”

“वास येतोय?”

“मघाशी काय घाण मारत होती म्हणून सांगू! कुजकी अंडी. डोळे चुरचुरायला लागले. आता गेला वास. सवय झाली नाकाला.”

बारकीनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला. “दादा, नीट ऐक. तुझ्या पाठीमागे खिडकी आहे. काच फोड. पाना असेल हाताशी त्यानं फोड. नाक बाहेर काढ आणि तिथूनच श्वास घे.”

“खिडकीला गज आहेत.”

“नाक जाईल ना गजातून? फोड!”

काच फुटल्याचा आवाज आला. तिच्या ओरडण्यानं हिशेबखात्याची माणसं दाराशी जमली होती. ज्या बाईंनी तक्रार केली होती त्याही. कोणी आत आलं नाही, कोणी काही विचारलं नाही. बारकीला त्या क्षणी त्यांचा असा राग आला की कप उचलून मारावा. मारला नाही, कारण दोन्ही हात फोनला होते.

“खाली कोण आहे?” तिनं विचारलं.

“डुलकीराव.” हा टँकरचा ड्रायव्हर. चामड्याच्या कारखान्यातला, जाडजूड, बसेल तिथे डोळा लागणारा. नमुना आणायला गेली तेव्हा तो नळीच्या वेटोळ्यावर घोरताना तिनंही पाहिला होता. “नळी सांभाळायला पायरीवर बसवलाय,” दादा म्हणाला, आणि हसला. “बघ, लवंडला! काय माणूस आहे. मघाशी माझ्या डब्यातलं अर्धं खाल्लं, आता झोप.”

“दादा, तो झोपलेला नाही.”

“अरे देवा,” दादा म्हणाला. “थांब, त्याला—”

“खाली उतरू नकोस!”

“अगं समोर पडलाय! जिना उतरला की पाचसहा पावलं. ओढतो आणि दाराबाहेर नेतो. श्वास धरून जातो.”

“तुझ्या दुप्पट आहे तो. श्वास धरून ओढशील? दोन पावलात तोंड उघडशील आणि त्याच्या अंगावर पडशील. मग तुला काढायला कोणी येईल, तो तुझ्या अंगावर पडेल. असंच होतं, दादा. एकामागून एक.”

“तुला काय ठाऊक, तू तिथे बसून?”

“मलाच ठाऊक आहे! हे स्थळ मीच आणलंय!”

तो गप्प झाला. लहानपणापासून तिला माहीत होतं, हा गप्प झाला की याचं ठरलेलं असतं. विहिरीत कोणाची बादली पडली तरी कमरेला दोर बांधून उतरणारा माणूस तो. रस्त्यावर दुसऱ्याची गाडी बंद पडली की याची ढकलायला सुरुवात. वहिनीनं कितीदा कपाळाला हात लावला असेल. आणि आता त्याच्या डोळ्यासमोर ओळखीचा माणूस पडला होता, आणि तो मचाणावर खिडकीला नाक लावून उभा होता. ती जिवाच्या आकांतानं ऐकत होती. लोखंडी जिन्यावर बूट वाजला की संपलं.

“त्याची चप्पल निघालीय,” दादा म्हणाला. “एका पायातली. बारके, मी जातो.”

दारात केमिस्ट येऊन उभा राहिला होता, घामानं चिंब. मास्क लावून आत जाऊ शकणारी माणसं शेजारच्या औषधाच्या कारखान्यातून यायची होती. इथे होते ते नुसते धुळीचे कापडी मास्क. तिनं मानेनं विचारलं. त्यानं हात हलवला. नाही. अजून निघतायत.

“दादा,” बारकी म्हणाली, “ते पोचले.”

“कोण?”

“मास्कवाले. सिलिंडर घेऊन. दाराशी आहेत. तू हलू नकोस, त्यांच्या मधे येशील.”

केमिस्टनं तिच्याकडे पाहिलं आणि नजर जमिनीवर टाकली.

“मला दिसत नाहीत.”

“दारात टँकर आडवा आहे ना. त्याच्या मागे आहेत.”

“आवाज पण नाही कोणाचा.”

“तोंडाला मास्क आहेत, बोलतील कसे?” हे इतक्या पटकन आलं की तिची तिलाच भीती वाटली. खोटं बोलायला सुचत नाही म्हणून शाळेत मार खाणारी मुलगी ती. आता जिभेवर एकामागून एक तयार येत होतं.

“मग आत का येत नाहीत?”

“आधी दोर बांधतात. नियम आहे. नाक बाहेर आहे ना तुझं? मोठे श्वास घे. बोलू नकोस, नुसतं हं म्हण.”

“हं.”

“डोकं दुखतंय?”

“हं. फुटतंय.” मग खोकला. तोच रोजचा खोकला, पण थांबेना. “बारके, त्याचा हात हलला बहुतेक.”

हलला असेल का? खरंच हलला असेल? हलला असेल तर तो माणूस जिवंत आहे, आणि दादा उतरला तर कदाचित... नाही. तिनं तो विचार मानगूट धरून बाहेर काढला. विचार पुन्हा आला. तिला आठवलं, डुलकीराव तिला बघून नळीच्या वेटोळ्यावरून घाईघाईनं उठला होता, तोंड पुसत, जणू झोपणं हा तिच्याविरुद्धचा गुन्हा होता. तिनं त्याला म्हटलं होतं, बसा हो, झोपा खुशाल.

“वाऱ्यानं शर्ट हलला असेल,” ती म्हणाली. “त्यांनी बाहेरून दारात पंखा लावलाय. तुला तिथून नीट कळणार नाही. ते बघतायत ना त्याला. ते घेतील.”

“नक्की?”

“नक्की.”

“तू बोलत राहा,” दादा म्हणाला. आवाज बदलला होता, जड झाला होता, जीभ उचलत नसल्यासारखा. “तू बोललीस की मी उतरत नाही.”

मग ती बोलत राहिली. काय बोलली ते तिला नंतर आठवलं नाही. केमिस्टला आठवत होतं, पण त्यानं कधी सांगितलं नाही. तिनं दादाला शिव्या दिल्या. वहिनीची शपथ घातली. रविवारी घरातला नळ बदलायचाय, तुझ्याशिवाय कोण बदलणार, असं विचारलं. मधे मधे ती म्हणत होती, आता दोर बांधला, आता पहिला माणूस आत येतोय, आता दुसरा. टेबलावर पंप गुरगुरत होता, आणि बंद करायचं कोणाला सुचत नव्हतं. कुठूनतरी लांबून भोंगा ऐकू आला. तो लांबच होता. जवळ येता येईना.

खूप उशिरानं दादा म्हणाला, “हां. आले. दिसले. दोघं आहेत.”

“सांगितलं ना मी.”

“इतका वेळ... दाराशी काय...”

फोन त्याच्या हातातून सुटला. वायरीला लोंबकळत तो कठड्यावर आपटत राहिला, टण, टण, टण. बारकी त्या टणटणीला दादा, दादा म्हणून हाका मारत होती. शेवटी तिकडून एक अनोळखी, घोगरा आवाज आला. “हा वरचा शुद्धीत आहे. फोन ठेवा आता.”

वरचा. खालच्याबद्दल तो काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दवाखान्यात दादाच्या खाटेशी बसली होती. वायूनं डोळ्यांना इजा झाली होती, म्हणून दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. नाकात प्राणवायूची नळी. वाचला, डॉक्टर म्हणाले. आणखी थोडा वेळ असता, किंवा एक पायरी खाली असता, तर नाही. वहिनी खाटेच्या दुसऱ्या बाजूला बसून ओल्या रुमालानं त्याचा तळहात पुसत होती. त्या भेगांत अजून जुना चुना होता.

सकाळी साहेबांचा फोन येऊन गेला होता. वाईट झालं, फार वाईट, ते म्हणाले. मग खाकरून म्हणाले, पाणी त्यांच्याकडेच आधी हवा देऊन आणलं, तर ही सोयरीक टिकवता येईल का, सावकाश विचार कर. बारकीनं फोन बंद केला होता. वाईट हे की उत्तर तिला माहीत होतं. टिकवता आली असती. आधीच टिकवता आली असती, माशांच्या पंपापेक्षा मोठा एक पंप लावून, आणि एक माणूस आज कुठेतरी डुलकी काढत असता.

“बारके,” दादा म्हणाला. आवाज चरचरत होता. “आहेस?”

“आहे.”

“डुलकीराव गेला. सकाळी वॉर्डातला पोऱ्या बोलला. हिला वाटलं मला कळलं नाही.”

वहिनीचा रुमाल थांबला.

“मला एकच सांग,” तो म्हणाला. “त्याचा हात हलला तेव्हा, तू म्हणालीस ते दाराशी पोचलेत. पोचले होते ना?”

वहिनीनं वर पाहिलं. वहिनी त्याच कारखान्यात तारेची बंडलं बांधायला होती. काल ती त्या दाराबाहेर, टँकरच्या अलीकडे, दोघा बायकांनी धरून ठेवलेली उभी होती. मास्कवाल्यांची गाडी केव्हा आली हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. तिनं दादाचा हात सोडला, खाटेवरून पलीकडे हात लांबवला आणि बारकीचं मनगट घट्ट धरलं. नखं रुतेपर्यंत.

“पोचले होते,” बारकी म्हणाली.

“म्हणजे मी उतरलो असतो तरी...”

“काही उपयोग नव्हता.”

दादानं मान हलवली. “बरं,” एवढंच म्हणाला, आणि थोड्या वेळानं त्याचा श्वास झोपलेल्या माणसासारखा झाला. झोपला होता की नाही, ते पट्टीमुळे कळत नव्हतं.

वहिनीनं मनगट सोडलं नाही. दोघी तशाच बसून राहिल्या. आजवर बारकीला दादाशी त्याच्या डोळ्यात बघून एकदाही खोटं बोलता आलेलं नव्हतं. कालचं फोनवर जमलं, आजचं पट्टीमुळे जमलं.

नर्स आली, नळी नीट केली, तक्त्यावर काहीतरी खूण केली आणि हळूच म्हणाली, उद्या सकाळी डोळे मोकळे करू.